मुलांच्या हातची युक्ती आणि हिशेबाची वही

नवे काही शोधून काढणे व त्यावर धंदा उभारणे ही थोरामोठ्यांची कामे. शाळकरी पोराने पुस्तक पाठ करावे, असे आपल्याकडे पुष्कळांस वाटते. आम्हीही बरीच वर्षे तसेच मानीत होतो. सहावी ते आठवीचे वर्ग शिकविताना जो अनुभव आला, त्यामुळे हे मत आम्हांस सोडावे लागले. ते कसे, हे ट्रस्टच्या महोत्सवानिमित्त सभासदांपुढे मांडीत आहोत.

शोध म्हणजे अडचणीवर काढलेली आणि वापरून पारखलेली युक्ती. उद्योग म्हणजे ती युक्ती दुसऱ्याच्याही उपयोगी पडेल अशी करून, खर्च भागवून पुरवीत राहणे. दोहोंचा उगम एकच, कोणाची तरी तक्रार. म्हणून पहिल्या तासाला आम्ही फळ्यावर काही लिहीत नाही. घरात, गल्लीत, शेतात कोणते काम त्रासाचे होते, ते विचारून या, एवढेच मुलांस सांगतो.

निपाणी हे तंबाखूचे गाव. घरोघरी बायका मांडीवर सूप घेऊन विड्या वळतात. सातवीतल्या एका मुलीने तक्रार आणली, ‘आईची मान दुखते.’ सूप मांडीऐवजी उंचावर ठेवावे म्हणून तिने जुन्या खोक्याच्या फळ्यांची घडवंची केली. आम्ही ती रंगवून घेतली आणि प्रदर्शनात मांडली. पाहुण्यांनी वाखाणणी केली. पंधरा दिवसांनी तिच्या घरी गेलो, तो घडवंचीवर पाण्याची घागर! आई म्हणाली, “मास्तर, सूप सरकतंय त्याच्यावरनं. आपली मांडीच बरी.”

चूक मुलीची नव्हती, आमची होती. जिच्यासाठी वस्तू केली तिला न विचारता आम्ही टाळ्या घेतल्या होत्या. मग मुलगी आईपुढे बसली, पाय कमी केले, कडेला पट्टी ठोकली. तिसऱ्या खेपेस सूप जागेवर राहिले. तेव्हापासून ज्याची तक्रार त्यानेच गुण द्यावे, असा आमच्या वर्गाचा नियम आहे.

पुढे शेजारणीने तशीच घडवंची मागितली आणि हिशेबाचा धडा सुरू झाला. फळ्या 60 रुपये, खिळे व काचकागद 25. मुलांनी किंमत सांगितली 85! दोन तासांची मजुरी कोठे गेली, असे विचारताच वर्ग गप्प झाला. त्या मुलीने मात्र लगेच वही ओढली, कारण हजार विड्यांमागे मजुरी मोजून घेणारी आई तिने रोज पाहिलेली. पण तिने उलट विचारले, “सर, आईच्या मानेच्या दुखण्याचे पैसे कोणत्या रकान्यात लिहायचे?” आम्हांस उत्तर देता आले नाही. असा प्रश्न पडावा, यासाठीच हे शिक्षण हवे.

याची परंपरा आपल्याच मुलखात आहे. बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे 1869 साली जन्मलेले लक्ष्मणराव किर्लोस्कर हे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक होते. बेळगावात त्यांनी सायकलींचे दुकान चालविले, कडबा कापण्याचे यंत्र केले, मग लोखंडी नांगर केला. लोखंडाने जमीन विषारी होईल अशी शेतकऱ्यांस भीती होती. नांगर घडविणे हा अर्धाच उद्योग. समोरच्याची शंका ऐकून ती दूर करणे हा उरलेला अर्धा. पुढे 1910 साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसली. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 साली विज्ञान आश्रम काढला. तेथे मुले गावाला लागणारी कामे करीत करीतच शिकतात.

सरकारनेही वाट खुली केली आहे. अटल इनोव्हेशन मिशन 2016 साली सुरू झाले. सहावी ते बारावीच्या मुलांसाठी प्रयोगशाळा उभारण्यास निवडलेल्या शाळेला त्यातून 20 लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळते. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांकडे शिकावे, असे सुचविले आहे. परंतु प्रयोगशाळेची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. सुतार, वेल्डर, शिंपी, गवंडी आपल्या सभासदांतच आहेत.

म्हणून आमच्या दोन विनंत्या आहेत. कारागीर सभासदांनी आठवड्यातून एक तास आपल्या दुकानाचे दार मुलांस उघडावे. आणि ट्रस्टने बक्षिसांच्या रकमेतून थोडी बाजूला काढून ती मुलांस बिनव्याजी उसनी द्यावी. बक्षीस घरी नेले की संपते; उसने घेतलेले परत करताना हिशेब द्यावा लागतो. कधी नुकसान होईल, तेही वहीत लिहिले जावे. बाराव्या वर्षी पन्नास रुपयांची चूक केलेले मूल मोठेपणी मोठ्या चुकीपासून सावध राहील, असा आमचा विश्वास आहे.