टेबल सॉ: नवीन ब्लेड घेण्याआधी हे तपासा

कट काळा पडतोय? लाकूड अडकतंय? मित्रांनो, लगेच नवीन ब्लेड मागवू नका. बऱ्याचदा धार ठीक असते, पण ब्लेड आणि फेन्स समांतर नसतात. फेन्स मागच्या बाजूला ब्लेडकडे झुकली, की लाकूड दोघांत चिमटतं आणि वेगाने तुमच्याच अंगावर येतं. माल तर जातोच, हातही धोक्यात येतो.

तपासायचं कसं?

१. आधी प्लग काढा. नुसता स्विच बंद करणं पुरेसं नाही.

२. ब्लेड पूर्ण वर घ्या आणि पुढच्या एका दातावर खूण करा. कॉम्बिनेशन गुण्या माइटर स्लॉटला टेकवा आणि पट्टी त्या दाताला जेमतेम लागेल अशी घट्ट करा.

३. ब्लेड हाताने फिरवून तोच दात मागे आणा, गुण्याही मागे न्या. पट्टी तशीच लागली तर ब्लेड सरळ आहे. फट पडली किंवा दात अडला, तर मॅन्युअलमध्ये दाखवलेले बोल्ट सैल करून ब्लेड जुळवा.

४. आता फेन्स त्याच स्लॉटला समांतर करा. क्रम उलटा नको, कारण स्लॉट हलत नाही, बाकी सगळं हलतं.

५. शेवटी ब्लेड टेबलाशी ९०° आहे ना, ते गुण्याने बघा.

आठवड्यातून एकदा आतला भुसा काढा, ब्लेडवरची राळ पुसा, टेबलाला मेण लावा. आणि हा वेळ फुकट समजू नका. कोटेशन देताना तोही खर्चात धरा!