झहीर मोठा की अजिंक्य? नगरी वादाचा हिशेब

नगर जिल्ह्यात क्रिकेटची गोष्ट निघाली की ती फिरून फिरून एकाच प्रश्नावर येते. झहीर मोठा की अजिंक्य? एक श्रीरामपूरचा, दुसरा संगमनेर तालुक्यातल्या आश्वी खुर्दचा. दोघंही प्रवरेच्या पट्ट्यातले, ऊस आणि साखर कारखान्यांच्या मुलखातले. जिल्ह्याचं नाव कागदोपत्री अहिल्यानगर झालं, पण वाद आहे तिथेच आहे. श्रीरामपूरकर ३११ बळींचा आकडा पुढे करतो, संगमनेरकर नुसतं ‘मेलबर्न’ एवढंच म्हणतो. मग कुणीतरी शहाणा मध्ये पडतो आणि सांगतो, की गोलंदाज आणि फलंदाज यांची तुलनाच होत नाही.

या शहाण्याचं म्हणणं मला कधीच पटलं नाही. निवड समिती संघ निवडते तेव्हा हीच तुलना करते. आयपीएलच्या लिलावात तर तिला रुपयांत भाव लागतो. तुलना होते, फक्त ती कशी करायची हे आपण धड ठरवत नाही. धावफलक चाळायचा नाद मला पूर्वीपासून आहे. त्याच नादात हा हिशेब मांडला.

पूर्ण कारकिर्दीवर वेळ घालवण्यात अर्थ नाही. झहीर ९२ कसोटी खेळला, ३११ बळी, सरासरी ३३च्या आसपास. अजिंक्य ८५ कसोटी, ५०७७ धावा, १२ शतकं, सरासरी ३८.४६. दोन्ही आकडे चांगले आहेत आणि दोन्ही थोडे फसवे आहेत, कारण त्यांत दुखापतींची, हरवलेल्या सुराची वर्षंही मिसळली आहेत. खरा प्रश्न कळसाचा आहे. ऐन भरात असताना कुणामुळे संघाचं पारडं जास्त झुकलं?

हा पेच हॉकीवाल्यांना जुना आहे. ध्यानचंदचे गोल मोजता येतात. पण १९५६, १९६० आणि १९६४ या तिन्ही ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यांत पाकिस्तानपुढे भारताची गोलपोस्ट राखली ती महूच्या शंकर लक्ष्मणने. मराठा लाइट इन्फंट्रीतला हा फौजी. तिन्ही सामन्यांत मिळून त्याच्यावर गोल झाला एकच. भारताने दोन सुवर्णपदकं १-० ने जिंकली आणि मधलं एक ०-१ ने गमावलं. लक्ष्मणचं मोल न झालेल्या गोलांत आहे आणि न झालेल्या गोष्टींची नोंद कुठलाच धावफलक ठेवत नाही.

झहीरचंही बरंचसं मोल असंच न दिसणारं. जुलै २०११ मध्ये लॉर्ड्सवर पहिल्याच दिवशी १३.३ षटकांत १८ धावा देऊन २ बळी घेतल्यावर त्याच्या मांडीचा स्नायू दुखावला आणि तो मैदानाबाहेर गेला. त्या मालिकेत तो पुन्हा गोलंदाजीला आला नाही. कसोटी क्रमवारीत अव्वल म्हणून गेलेला भारत ४-० ने हरून परतला. फलंदाजांनीही त्या दौऱ्यात माती खाल्ली हे खरं, पण नवा चेंडू वळवून इंग्लंडला रोखणारा माणूस गेला तो पहिल्याच दिवशी.

त्याचा कळस मात्र त्याआधी चार वर्षं, २००७ च्या उन्हाळ्यातला. त्याची तयारी २००६ मध्ये झाली. भारतीय संघातून वगळलेला झहीर वूस्टरशायरकडून कौंटी खेळायला गेला आणि एका हंगामात ७८ बळी घेऊन आला. एसेक्सविरुद्ध पडलेले पहिले नऊच्या नऊ गडी त्याचे होते. दहावा, डॅरेन गॉफ, यष्टिरक्षकाच्या हातून सुटला, नाहीतर डावात दहा बळींचा मान श्रीरामपूरच्या नावावर लागला असता. ते झालं नाही, पण धाव कमी करून, उडी काढून टाकून त्याने आपली गोलंदाजी नव्याने बांधली ती याच काळात. वेग थोडा उतरला आणि चेंडू त्याचं ऐकू लागला.

मग आलं ट्रेंट ब्रिज. कसोटी २७ ते ३१ जुलै २००७. पहिल्या डावात झहीरने ५९ धावांत ४ बळी घेऊन इंग्लंडला १९८ वर गुंडाळलं. भारताने ४८१ केल्या. त्या डावाच्या शेवटी झहीर फलंदाजीला आला, तर खेळपट्टीवर एक जेली बीन पडलेली. लहान पोरं खातात ती रंगीत गोळी. त्याने ती बॅटने बाजूला सारली. पुढच्या चेंडूला पाहतो तर आणखी एक. झहीर तसा शांत स्वभावाचा, पण त्या दिवशी त्याचा पारा चढला. बॅट रोखून तो गलीत उभ्या केविन पीटरसनच्या दिशेने गेला आणि मैदानात चांगलीच बाचाबाची झाली. पीटरसनने हात वर केले. गोळ्या कुणी टाकल्या, यावर पुढे कितीतरी चर्चा झाली. मला त्यात रस नाही. मला रस आहे तो दुसऱ्या दिवसात.

दुसऱ्या दिवशी झहीर राग चेंडूत घेऊन आला. स्ट्रॉस आणि कुक हे डावखुरे सलामीवीर त्याने राउंड द विकेट येऊन काढले. १२४ वर खेळणाऱ्या मायकल वॉनच्या पायावर चेंडू लागून यष्ट्यांवर गेला. इयन बेल शून्यावर पायचीत. ७५ धावांत ५ बळी, सामन्यात १३४ धावांत ९. भारत ७ गडी राखून जिंकला. पुढची ओव्हलची कसोटी अनिर्णित राहिली आणि १९८६ नंतर प्रथमच भारताने इंग्लंडमध्ये मालिका जिंकली. तीन कसोटींत झहीरचे १८ बळी, सरासरी २०.३३. पुढच्या वर्षी ‘विस्डेन’ने त्याला वर्षातल्या पाच क्रिकेटपटूंत बसवलं. एक खोडी इंग्लंडला इतकी महाग पडल्याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

अजिंक्यचा कळस एका उन्हाळ्यात मावत नाही. २०१३-१४ मध्ये दक्षिण आफ्रिकेत दोन कसोटींत २०९ धावा. २०१४ मध्ये लॉर्ड्सच्या हिरव्या खेळपट्टीवर भारत ७ बाद १४५ असताना तळाला घेऊन केलेल्या १०३. त्याच वर्षाअखेरच्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात ५७ च्या सरासरीने ३९९. मेलबर्नवरच्या १४७ मध्ये तर मिचेल जॉन्सनला त्याने अक्षरशः फोडून काढलं. ही यादी वाचली की ध्यानात येतं, परदेशातली खेळपट्टी जितकी वाईट, तितका हा माणूस चांगला.

आणि मग डिसेंबर २०२०. अॅडलेडमध्ये भारत ३६ वर आटोपलेला. कर्णधार कोहली मायदेशी परतलेला, शमी जायबंदी. आठवडाभराने मेलबर्नमध्ये अजिंक्यने पहिल्याच सत्रात अश्विनला आणलं आणि स्टीव्ह स्मिथ लेग गलीत झेल देऊन शून्यावर परतला. स्वतः ११२ केल्या. जडेजाच्या पन्नासाव्या धावेसाठी पळताना अजिंक्य धावचीत झाला. शतकवीर कर्णधार अशा वेळी काय करतो? बहुतेक जण निदान डोळे वटारतात. अजिंक्यने जडेजाच्या पाठीवर थाप मारली, खेळत राहा असं सांगितलं आणि निघून गेला. दुसऱ्या डावात नाबाद २७, ८ गडी राखून विजय.

त्या सामन्यात सामनावीराला पहिल्यांदाच जॉनी मुलाघ पदक देण्यात आलं. मुलाघ हा व्हिक्टोरियातला आदिवासी क्रिकेटपटू. १८६८ मध्ये इंग्लंडला गेलेला पहिला ऑस्ट्रेलियन संघ आदिवासी खेळाडूंचा होता, त्यातला हा सर्वांत मोठा. त्या दौऱ्यात त्याने १६९८ धावा केल्या आणि २४५ बळी घेतले. शिवाय वेळ पडली तर यष्टिरक्षणही. फलंदाज मोठा की गोलंदाज, हा आपला वाद त्याच्या बाबतीत उद्भवतच नाही. पदक मात्र आपल्या आश्वीच्या मुलाकडे आलं.

आता हिशेब. कसोटीतला बरा गोलंदाज एका बळीला ३३ धावा देतो आणि बरा फलंदाज बाद होईपर्यंत ३८ करतो, असं धरू. २००७ च्या मालिकेत झहीरने १८ बळींमागे बऱ्या गोलंदाजापेक्षा २२८ धावा वाचवल्या, म्हणजे दर कसोटीला ७६. अजिंक्यने २०१४-१५ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात सात वेळा बाद होऊन बऱ्या फलंदाजापेक्षा १३३ धावा जास्त केल्या, दर कसोटीला ३३. दुपटीहून जास्त फरक. श्रीरामपूरकरांनी इथे टाळ्या वाजवायला हरकत नाही.

पण एकेका सामन्याचा हिशेब वेगळा निघतो. ट्रेंट ब्रिजवर ३३ गडी बाद झाले आणि ११०७ धावा झाल्या, म्हणजे गड्यामागे साडेतेहतीस. मेलबर्नला ३२ गड्यांत ७९१, गड्यामागे पावणेपंचवीस. त्या सामन्यात एकाही ऑस्ट्रेलियन फलंदाजाला अर्धशतक जमलं नाही. मे महिन्यातल्या टँकरचा भाव श्रावणात लावून चालत नाही, तसंच धावांचंही. सामन्याच्या भावाने पाहिलं तर झहीरने वाचवल्या १६८ धावा, अजिंक्यने जादा केल्या ११४. त्या त्या सामन्यातल्या एका गड्याच्या किमतीने भागलं, की झहीरच्या खात्यात बरोबर ५ गडी येतात आणि अजिंक्यच्या ४.६. दोघं जवळजवळ बरोबरीला. आणि यात अजिंक्यच्या कर्णधारपदाला मी एक पैचाही भाव लावलेला नाही. सहा कसोटींत नेतृत्व, चार विजय, दोन अनिर्णित, पराभव एकही नाही.

हे धावफलक चाळताना हाती लागलेली सर्वांत सुंदर गोष्ट मात्र वेगळीच आहे. हे दोघं एकत्र फक्त चार कसोटी खेळले, २०१३-१४ मध्ये दक्षिण आफ्रिका आणि न्यूझीलंडमध्ये. त्यातली शेवटची वेलिंग्टनची, फेब्रुवारी २०१४. लोकांना ती ब्रेंडन मॅक्युलमच्या ३०२ साठी आठवते. पण त्याच सामन्यात २५ वर्षांच्या अजिंक्यने ११८ करून पहिलं कसोटी शतक झळकावलं आणि ३५ वर्षांच्या झहीरने दुसऱ्या डावात ५१ षटकं घाम गाळून १७० धावांत ५ बळी घेतले. मॅक्युलमला बाद केलं तेही त्यानेच. ती झहीरची शेवटची कसोटी ठरली.

निकाल द्यायचाच तर माझा असा. मालिकेचा कळस झहीरचा, त्यात वादाला जागा नाही. एका सामन्याचा कळस अजिंक्यचा, कारण ०.४ गड्याची तूट कर्णधारपद भरून काढतं आणि वर उरतं. दोन्हींतून एकच निवडा म्हणाल तर मी झहीरच्या बाजूचा. कसोटी जिंकायला वीस बळी लागतात आणि ते धावांनी मिळत नाहीत.

या वादात एक गोष्ट मात्र कुणी काढत नाही. नगर जिल्हा महाराष्ट्र क्रिकेट संघटनेच्या हद्दीत येतो. झहीर रणजी खेळला बडोद्याकडून आणि नंतर मुंबईकडून. डोंबिवलीत वाढलेला अजिंक्य मुंबईकडून. जिल्ह्याच्या या दोन सर्वांत मोठ्या क्रिकेटपटूंपैकी एकही महाराष्ट्राकडून रणजी सामना खेळलेला नाही. कोण मोठा हे ठरवून झालं असेल, तर आता जिल्ह्याने तिसरा घडवण्याकडे आणि तो इथेच टिकेल याकडे बघावं.