चॅट्सवर्थ : नाताळचा हस्तकला-बाजार आणि ऐतिहासिक वास्तूचे अर्थकारण

इंग्लंडमधील ‘कंट्री हाऊस’ म्हणजे केवळ खेड्यातील घर नव्हे. शेती, जंगल, खाणी आणि कुळे यांच्या उत्पन्नावर उभे राहिलेले ते उमरावांचे सत्तास्थान होय. हे उत्पन्न आटल्यावर अशी वास्तू कशी टिकते, हा प्रश्न डर्बीशायरमधील चॅट्सवर्थच्या संदर्भात विशेष उद्बोधक ठरतो.

१५४९ साली कॅव्हेंडिश घराण्याकडे आलेल्या या जमिनीवरील पहिली वास्तू सोळाव्या शतकातील. आजचे तिचे रूप मुख्यतः पहिल्या ड्यूकने १६८७ पासून केलेल्या पुनर्बांधणीतून घडले. १९५० मध्ये दहाव्या ड्यूकचे निधन झाले आणि मिळकतीवर सुमारे ८० टक्के मृत्युकर बसला. संपत्ती पाच वर्षांपूर्वीच हस्तांतरित झाली असती, तर हा कर टळला असता. ती मुदत भरण्यास अवघे काही आठवडे उरले होते. जमिनी आणि मौल्यवान चित्रे विकावी लागली, हार्डविक हॉल हा घराण्याचा दुसरा वाडा करापोटी द्यावा लागला. १९८१ मध्ये घराची व्यवस्था न्यासाकडे आली. तेव्हापासून प्रेक्षक हा उत्पन्नाचा प्रमुख आधार बनला.

हिवाळ्यात मात्र घर बंद असे. २००१ मध्ये जनावरांतील लाळ्या-खुरकुताच्या साथीने इंग्लंडचा ग्रामीण भाग पर्यटकांविना ओस पडला. बुडालेले उत्पन्न भरून काढण्यासाठी त्या वर्षी चॅट्सवर्थ प्रथमच नाताळकरिता उघडण्यात आले. संकटातून निघालेली ही वाट पुढे प्रथा झाली. आता नोव्हेंबरमध्ये डरवेंट नदीकाठच्या उद्यानात शंभरावर दुकाने मांडली जातात : मेणबत्त्या, काचकाम, लोकरीचे कपडे, लाकडी वस्तू आणि अर्थातच खाद्यपदार्थ. बाजारात फिरण्यास घराचे तिकीट लागत नाही. त्यामुळे घराकडे केवळ पार्श्वभूमी म्हणून पाहून परतणारेही बरेच असतात.

हे परतणे खेदजनक आहे, कारण आतील घर हेच मुळी कारागिरांचे प्रदर्शन आहे. ‘पेंटेड हॉल’मधील ज्युलिअस सीझरच्या जीवनावरील चित्रे लुई लागेर याची. प्रार्थनागृहातील लाकडी कोरीवकाम तर अधिक बोलके आहे. ते दीर्घकाळ ग्रिन्लिंग गिबन्स या विख्यात शिल्पकाराच्या नावावर सांगितले जाई. बांधकामाच्या हिशेबवह्यांत मात्र गिबन्सचा उल्लेख नाही. तेथे पैसे मिळाल्याची नोंद आहे ती डर्बीशायरचाच सॅम्युएल वॉटसन आणि त्याच्या सहकाऱ्यांची. स्थानिक कारागिराचे श्रेय राजधानीतील नामवंताकडे जाणे आपल्या अभ्यासकांनाही अपरिचित नाही. बाहेरच्या बाजारात स्वतःची वस्तू विकणारा कारागीर निदान स्वतःच्या नावाने उभा असतो. अर्थात तेथील प्रत्येक वस्तू विक्रेत्यानेच घडवलेली असते असे नाही. ग्राहकाने विचारून घ्यावे.

नाताळच्या सजावटीने काही दालने झाकोळतात, हा आक्षेप रास्त आहे. कोरीवकाम पाहण्यासाठी येणाऱ्याने अन्य ऋतू निवडावा. परंतु तिकिटे आणि दुकाने यांतून येणारा पैसा शेवटी दगडापर्यंत पोहोचतो. सुमारे दशकभर चाललेले आणि ३ कोटी २० लाख पौंड खर्चाचे जीर्णोद्धाराचे काम २०१८ मध्ये पूर्ण झाले. झिजलेल्या दगडांच्या जागी मूळ बांधकामाशी जुळणारा परिसरातीलच दगड बसवण्यात आला, खिडक्यांच्या चौकटींवर पुन्हा सोन्याचा वर्ख चढला आणि पाथरवटांना काही वर्षे काम मिळाले.