हिशेब लिहिणारा आणि हिशेब तपासणारा : कॉमर्सनंतरच्या वाटा

दहावीचा निकाल लागला की म्हसा परिसरातले पालक हमखास विचारतात, "सर, पोराला कॉमर्सला घालू का? पण सीए काय आपल्याला झेपायचं नाही." कॉमर्स म्हणजे एक तर सीए, नाहीतर दुकानात बिलं फाडणं, असा समज पक्का झालाय. मधल्या वाटा माहीत नसल्याने चांगली मुलं अर्ध्यावर शिक्षण सोडतात.

लेखांकन आणि लेखापरीक्षण यांतला फरक
म्हसा यात्रेतला घोंगडी-विक्रेता किती माल आणला, किती विकला, उधारी किती राहिली हे वहीत लिहितो. हे लेखांकन. तीच वही, पावत्या आणि उरलेला माल तिसऱ्याच माणसाने पडताळून पाहणं म्हणजे लेखापरीक्षण, आपल्या बोलण्यातलं ऑडिट. शाळेची रोकडवही आणि व्हाउचर तपासली जातात, तेव्हा आपण शिक्षक ते अनुभवतोच. दोन्ही कामांना नीटनेटकेपणा लागतो. तपासणाऱ्याला त्याशिवाय कुणाच्या दबावाखाली न येण्याची हिंमत लागते.

1) सीए
कोणत्याही शाखेतून बारावी झालेल्यांना फाउंडेशन परीक्षा देता येते. चार पेपर असतात. प्रत्येकात किमान 40 आणि एकूण 50 टक्के गुण हवेत. पुढे इंटरमीजिएट, दोन वर्षांची आर्टिकलशिप आणि फायनल. पेपर इंग्रजी किंवा हिंदीत लिहावा लागतो, मराठीत नाही. संस्थेचं अभ्याससाहित्य संकेतस्थळावर मोफत मिळतं, त्यामुळे महागड्या क्लासची घाई नको. मुरबाडला रेल्वे नाही. आर्टिकलशिपसाठी कल्याण-ठाण्याला रोज जाणार की तिथेच राहणार, हे घरात आधी बोलून घ्या. विद्यावेतनात सगळा खर्च भागेलच असं नाही. सोबत बी.कॉम. चालू ठेवावं. फाउंडेशन जमली नाही, तरी बी.कॉम.ला 55 टक्के असतील तर थेट इंटरमीजिएटला नोंदणी होते.

2) सीएमए
कारखान्यात एक वस्तू बनवायला नेमका किती खर्च येतो आणि तो कुठे वाचेल, हे काढणारा तज्ज्ञ म्हणजे कॉस्ट अकाउंटंट. मुरबाडच्या एमआयडीसीकडे पाहिलं की या कामाचा अंदाज येतो. याचीही फाउंडेशन बारावीनंतर देता येते.

3) जी.डी.सी. अँड ए.
ही वाट आपल्याकडे फार कमी जणांना ठाऊक आहे. राज्याच्या सहकार खात्याची ही पदविका परीक्षा कोणत्याही शाखेच्या पदवीधराला देता येते. विकास सोसायट्या, पतसंस्था, दूधसंस्था, गृहनिर्माण संस्था या सगळ्यांचं ऑडिट 1960 च्या सहकारी संस्था कायद्याने बंधनकारक आहे. परीक्षा उत्तीर्ण होऊन ठरलेला अनुभव घेतला की खात्याच्या लेखापरीक्षकांच्या नामतालिकेत येण्याची वाट मोकळी होते. हे काम तालुक्यात राहूनही करता येतं.

4) सरकारी नोकरी
जिल्हा परिषद आणि ग्रामपंचायतींचे हिशेब वित्त विभागाचं स्थानिक निधी लेखापरीक्षा संचालनालय तपासतं. महाराष्ट्र वित्त व लेखा सेवेत एमपीएससीमार्फत जाता येतं. केंद्रात महालेखापरीक्षकांच्या कार्यालयांतली लेखापरीक्षकाची पदं कर्मचारी निवड आयोगाच्या पदवीधर परीक्षेतून भरली जातात.

5) खासगी नोकरी
टॅली, जीएसटी विवरणपत्रं आणि एक्सेल येणाऱ्याला व्यापारी आणि करसल्लागारांकडे काम मिळतं. पण नुसत्या टॅलीच्या प्रमाणपत्रावर थांबलं, तर पगारही लवकर थांबतो. पदवी हवीच.

हा विषय आपल्या गावाचाही आहे
पाणी योजना, रस्ता, सोसायटीचं कर्ज, सगळीकडे गावाचाच पैसा असतो. ताळेबंद वाचता येणारी दोन मुलं गावात असली, तरी ग्रामसभेत विचारले जाणारे प्रश्न बदलतात.

शिक्षकांनी आठवी-नववीतच एक करून पाहावं. स्नेहसंमेलनाचा किंवा सहलीचा हिशेब मुलांना लिहायला द्यावा आणि दुसऱ्या गटाकडून तो तपासून घ्यावा. दहा रुपयांचा फरक सापडेपर्यंत जो पोरगा किंवा पोरगी जागची उठत नाही, त्यांच्या पालकांना हा लेख जरूर दाखवा.