पद्मिनी रुसते तेव्हा...

मंडळी, सिग्नल हिरवा होतो, तुम्ही अॅक्सलरेटर दाबता आणि गाडी सुटते. यात काय विशेष? काहीच नाही! तुमच्या गाडीतला कॉम्प्युटर सेन्सरला विचारून क्षणात पेट्रोलचा हिशेब जुळवतो. तुम्ही तोवर एफएमचं चॅनल बदलत असता.

आता हाच प्रयोग जुन्या फियाटमध्ये करून बघा. तिचं बिनसलेलं असेल, तर पाय दाबल्यावर ती आधी दचकते. मग एक झटका देते आणि मूड असला तरच पुढे निघते. गॅरेजच्या भाषेत 'गाडी पिकअप घेत नाही', 'मिस मारते'. धुळ्याला माझ्या मामांची फियाट एका मे महिन्यात अगदी हेच करत होती.

बाईसाहेबांची ओळख

कागदोपत्री ती प्रीमियर पद्मिनी, पण घराघरात तिचं नाव 'फियाट'च. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स सुरू केली. त्यांच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून १९६४ साली फियाट ११०० डिलाइट आली आणि १९७४ मध्ये तिचं बारसं 'पद्मिनी' म्हणून झालं. १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर आणि पुढे सोफ्यासारखी सीट. मुंबईची काळी-पिवळी म्हणून तिने लाखो लोकांना घरी पोचवलं आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये तिथल्या रस्त्यांवरून निरोप घेतला.

मामांची गाडी १९८६ ची. तिच्या नोंदणीचं नूतनीकरण तोंडावर आलेलं. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी गाडी तपासून घ्यायची आणि शुल्क भरायचं. २०२५ साली तर वीस वर्षांपुढच्या कारसाठी हे शुल्क दहा हजारांवर गेलं. 'व्हिंटेज'चा मान हवा असेल, तर गाडीने पन्नाशी ओलांडायला हवी. म्हणजे पद्मिनीबाई ना तरुण, ना मानाच्या म्हाताऱ्या!

मामेभावाचं म्हणणं, "पप्पा, भंगारात द्या." मामींचं म्हणणं, "लळिंगच्या घाटात बंद पडते, माझं बीपी वाढतं." शहरातल्या एका गॅरेजने तर इंजिन उतरवायला सांगून असा आकडा काढला की त्यात सेकंडहँड बाईक आली असती. मामा काहीच बोलत नव्हते, फक्त रोज संध्याकाळी बॉनेट पुसत होते. प्रश्न एवढाच होता, की गाडी खरंच संपली आहे, की एखादा फुटकळ पार्ट तिला छळतोय?

आधी ठिणगी, मग पेट्रोल

शेवटी मामांनी आग्रा रोडवरच्या त्यांच्या जुन्या मिस्त्रींना बोलावलं. मी म्हटलं, कार्बोरेटर साफ करून टाकू. मिस्त्री हसले. "गाडी तपेल शे, भाऊ. तिले जरा सावलीमा उभी राहू दे." आणि पाना हातात न घेता त्यांनी प्रश्न सुरू केले. थंड असताना अडखळते की तापल्यावर? उभ्यावरून निघताना की चढावर? ऑफिसात आयटीवाला 'एरर नेमका कधी येतो?' विचारतो ना, सेम फंडा!

उत्तरं दोन निघाली. एक, पाय पटकन दाबला की गाडी कधीही दचकते. दोन, दुपारी घाट चढताना दम तोडते, पण वीस मिनिटं थांबलं की काही झालंच नाही अशी सुरू होते. मिस्त्री म्हणाले, "आप्पा, हे दोन वेगवेगळे आजार आहेत."

सुरुवात इग्निशनपासून. प्लग काढून टोकाचा रंग पाहिला. काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जातंय, पांढरट असेल तर कमी, चॉकलेटी असेल तर ऑल वेल. आमचे पांढरट होते. मग डिस्ट्रिब्युटरचं झाकण उघडून पॉइंट घासले, फीलर गेजने त्यातली फट लावली. अंधार पडल्यावर इंजिन चालू ठेवून प्लगच्या वायरी पाहिल्या. वायर फुटली असेल तर निळी ठिणगी बाहेर दिसते. इथे सगळं ठीक. म्हणजे पेट्रोलच कमी पडत होतं.

चिमूटभर रबर

आता इंजिन बंद, एअर फिल्टर बाजूला. कार्बोरेटरच्या तोंडात बघत थ्रॉटल हाताने ओढायचा. (आसपास सिगारेट नको, हे सांगायला हवं का?) आत पेट्रोलची बारीक, खणखणीत पिचकारी उडायला हवी. आमच्याकडे नुसते दोन थेंब गळले. चोर सापडला!

गंमत अशी आहे. पाय दाबला की हवा लगेच आत घुसते, पण पेट्रोल जड, ते मागे राहतं. तेवढ्या क्षणापुरतं मिश्रण पातळ होतं आणि इंजिन अडखळतं. ती फट भरायला कार्बोरेटरमध्ये एक छोटा पंप असतो आणि त्याच्या पोटात रबरी पडदा, म्हणजे डायफ्राम. आमचा पडदा वाळून पापडासारखा कडक झाला होता.

यात आजच्या पेट्रोलचाही हात आहे. इथेनॉल जुन्या प्रकारच्या रबराला मानवत नाही. शिवाय त्यात स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे जुन्या जेटमधून तेच पेट्रोल गेलं तरी मिश्रण पातळ पडतं. नव्या गाडीचा कॉम्प्युटर सांभाळून घेतो. पद्मिनीकडे कॉम्प्युटर नाही, मिस्त्री आहेत.

आणि ओलं फडकं

दुसरा आजार खास खानदेशी उन्हाचा. पद्मिनीचा पेट्रोल पंप इंजिनलाच चिकटलेला. बाहेर पारा त्रेचाळीसवर, आत इंजिन तापलेलं, घाटात वेग कमी म्हणून हवाही कमी. मग पंपात आणि पाइपात पेट्रोलची वाफ होते. पंप द्रव ढकलू शकतो, वाफ नाही. याला म्हणतात व्हेपर लॉक. पूर्वी उन्हाळ्यात पंपावर ओलं फडकं गुंडाळलेल्या फियाट दिसायच्या, त्याचं कारण हेच! पाणी उडताना उष्णता घेऊन जातं. आपला माठ पाणी गार करतो, त्याच तत्त्वावर.

मिस्त्रींनी आधी टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक मोकळं आहे ना, ते पाहिलं. ते बुजलं तरी गाडी अशीच उपाशी राहते. मग इथेनॉल सोसणारा नवा पाइप एक्झॉस्टपासून लांबून फिरवला, मध्ये पत्र्याचा आडोसा लावला आणि नवा डायफ्राम बसवला. सगळा खर्च मजुरीसकट एका बऱ्या हॉटेलातल्या दोघांच्या जेवणाएवढा!

दुसऱ्या दिवशी भर दुपारी दोन वाजता आम्ही लळिंगचा घाट चढलो. मामी मागे बसलेल्या, मांडीवर पाण्याची बाटली आणि फडकं तयार. लागलं नाही. उतरल्यावर ढाब्यावर शेवभाजी झाली. मामेभाऊ बिल देताना एवढंच म्हणाला, "पप्पा, फिटनेसला मी घेऊन जातो."

गाडी पास झाली. मामांनी पाच वर्षांचे पैसे भरले.

तेव्हा दोस्तहो, तुमच्या गावी आजोबांची किंवा काकांची एखादी फियाट ताडपत्रीखाली झोपली असेल, तर तिला थेट भंगारवाल्याला दाखवू नका. ती कधी अडखळते, ते आठवडाभर कागदावर लिहून काढा. मग ठिणगी बघा, पिचकारी बघा, पाइप बघा, याच क्रमाने. आणि ज्याच्या हाताला अजून पॉइंट घासण्याची सवय आहे असा मिस्त्री गावात असेल, तर त्याचा नंबर आजच सेव्ह करून ठेवा. गाडीचे पार्ट शोधले तर मिळतात. तसा हात मिळणं मात्र दिवसेंदिवस अवघड होत चाललंय.