वालाचे मोड, ट्रिप्सिन आणि कमला सोहोनी

मोड आलेली कडधान्ये शिजवली की त्यांतील सत्त्व नाहीसे होते, म्हणून ती काकडी-टोमॅटोच्या सॅलडात मिसळून कच्चीच खावीत, असा सल्ला अलीकडे आहारविषयक सदरांतून आणि समाजमाध्यमांतून सरसकट दिला जातो. मुगापुरता तो बऱ्याच अंशी निभावून जातो. वाल, पावटा आणि राजमा यांच्या बाबतीत मात्र तो चुकीचा आहे. तो का चुकीचा आहे हे समजून घेण्यास इगतपुरीसारखे गाव सोयीचे आहे, कारण कसारा घाटाच्या माथ्यावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर वसलेल्या या गावात पावसाळी गारवा आणि हवेचा कमी दाब हे दोन्ही घटक थेट चुलीपर्यंत पोहोचतात. घाट उतरला की कोकणपट्टी लागते, आणि तेथे भात निघाल्यावर जमिनीत उरलेल्या ओलीवर वाल पेरण्याची पद्धत जुनी आहे. त्याच वालांचे बिरडे किंवा डाळिंब्यांची उसळ श्रावणात घरोघरी रांधली जाते.

वाल रात्रभर भिजवून ओल्या फडक्यात बांधून ठेवले की दाण्यातील विकरे, म्हणजे रासायनिक क्रियांचा वेग वाढवणारी प्रथिने, कामाला लागतात. घाटमाथ्यावरच्या गार, कुंद हवेत या क्रिया मंदावतात आणि मोड येण्यास अधिक वेळ लागतो, म्हणून पुरचुंडी उबेला ठेवावी लागते. या काळात लोह आणि जस्त यांना बांधून ठेवणारे फायटिक आम्ल काही प्रमाणात विघटित होते. माणसाच्या लहान आतड्याला न पचणाऱ्या आणि पुढे मोठ्या आतड्यातील जिवाणूंच्या तावडीत सापडून वायू निर्माण करणाऱ्या रॅफिनोज व स्टॅकिओज या शर्करा घटतात. कोरड्या दाण्यात जवळजवळ नसलेले क जीवनसत्त्व नव्याने तयार होते. पुढे कोमट पाण्यात टाकून साले काढली की सालीतील टॅनिन, म्हणजे प्रथिनांना चिकटून त्यांचे पचन अवघड करणारी तुरट द्रव्ये, सालीबरोबरच निघून जातात. मोडांची स्तुती करणाऱ्यांचे म्हणणे इथपर्यंत पूर्णपणे खरे आहे.

मोड येऊनही दाण्यातून पुरते न जाणारे एक द्रव्य मात्र शिल्लक राहते, ते म्हणजे ट्रिप्सिनरोधक. ट्रिप्सिन हे स्वादुपिंडातून पाझरणारे आणि अन्नातील प्रथिनांच्या लांब साखळ्या ठरावीक जागी तोडणारे विकर आहे. जात्याच्या तोंडात दाण्याच्याच आकाराचा खडा पडावा, पाळ्यांच्या मध्ये जाऊन बसावा, दळला जाऊ नये आणि बाहेरही येऊ नये, तशी रोधकामुळे या विकराची गत होते. रोधक हेही एक प्रथिनच असल्यामुळे ट्रिप्सिन त्याला भक्ष्य समजून आपल्या खाचेत घेते, परंतु त्याचा तुकडा पडणे इतके संथ असते की विकर तेथेच अडकून राहते. शरीर हे नुकसान सहज सोडून देत नाही. ट्रिप्सिन कमी पडल्याची सूचना आतड्याकडून मिळताच स्वादुपिंड आणखी पाचकरस तयार करते, आणि त्यासाठी गंधकयुक्त अमिनो आम्ले खर्ची पडतात. कडधान्यांत नेमकी हीच आम्ले मुळात तोकडी असतात, त्यामुळे कच्चा दाणा खाणाऱ्याच्या पदरी अपचनाबरोबर दुहेरी तोटा येतो. वनस्पतीच्या दृष्टीने ही योजना उत्तम आहे, कारण दाणे कुरतडणाऱ्या किड्यांचीही पचनसंस्था अशाच विकरांवर चालते.

कच्चे सोयाबीन खाणारे उंदीर वाढत नाहीत आणि शिजवलेले खाणारे वाढतात, हे अमेरिकेत ऑस्बोर्न आणि मेंडेल यांनी १९१७ मध्ये दाखवले होते. सोयाबीनमधील रोधकाचे शुद्ध स्फटिक कुनिट्झ यांनी १९४५ मध्ये मिळवले. पाठ्यपुस्तकांतील इतिहास बहुधा येथेच थांबतो. त्यानंतर दहाच वर्षांनी, १९५५ मध्ये, ‘नेचर’ या नियतकालिकात वाल आणि डबल बी यांतील ट्रिप्सिनरोधकांच्या स्फटिकांविषयी एक टिपण प्रसिद्ध झाले, आणि ते मुंबईच्या विज्ञान संस्थेतील प्राध्यापक कमला सोहोनी यांनी आपल्या सहकाऱ्यासह लिहिले होते. सोयाबीन हे त्या काळी महाराष्ट्राच्या ताटात नव्हते, वाल होते. ज्या अन्नावर आपल्या लोकांचे पोषण अवलंबून आहे त्याचेच रसायनशास्त्र तपासायचे, ही या संशोधनामागची दिशा होती आणि तिचे मोल अजूनही पुरेसे ओळखले गेलेले नाही.

सोहोनी यांचे नाव मराठी वाचकाला अपरिचित नाही. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेने १९३३ मध्ये, सी. व्ही. रामन संचालक असताना, केवळ स्त्री म्हणून त्यांना प्रवेश नाकारला, त्यांनी हट्ट धरून तो अटींवर मिळवला, पुढे केंब्रिजला जाऊन बटाट्याच्या पेशींत सायटोक्रोम सी हे श्वसनक्रियेतील प्रथिन दाखवून दिले आणि १९३९ मध्ये डॉक्टरेट मिळवली, ही कथा वारंवार सांगितली जाते आणि ती सांगितली जावीच. परंतु तिच्या प्रकाशात पुढची सारी वर्षे झाकोळून जातात. बंगळुरूमध्ये असताना दूध व कडधान्यांतील प्रथिने, कुन्नूरला पोषण प्रयोगशाळेत जीवनसत्त्वे, आणि मुंबईत नीरा व शेंगवर्गीय धान्ये असा त्यांच्या कामाचा अखंड धागा अन्नाचा आहे. त्यांच्या भगिनी दुर्गा भागवत यांनी ‘खमंग’ लिहून पाककृतींचा सांस्कृतिक वारसा नोंदवला. एकाच घरातील दोन विदुषींनी एकाच स्वयंपाकघराकडे दोन बाजूंनी पाहावे, हा योग मराठी विद्याव्यवहारात विरळाच आहे.

रोधक प्रथिन असल्यामुळे ओल्या उष्णतेने त्याची घडी उलगडते आणि ते निकामी होते; परंतु शेंगवर्गीय दाण्यांतील काही रोधकांची घडी गंधकाच्या अनेक बंधांनी जागोजागी टाचलेली असते, म्हणून त्यांना अधिक तापमान आणि अधिक वेळ लागतो. इगतपुरीच्या उंचीवर उघड्या पातेल्यातील पाणी ९८ अंश सेल्सिअसच्या आसपास उकळते, तर प्रेशर कुकरमध्ये तेच सुमारे ११९ अंशांपर्यंत जाते, आणि या वीस अंशांच्या फरकामुळे शिजण्याचा वेळ कितीतरी घटतो. साध्या पातेल्यातही डाळिंब्या उत्तम होतात, फक्त त्या बोटचेप्या होईपर्यंत थांबावे लागते. आमसूल त्यानंतरच घालण्याची रीत अगदी योग्य आहे, कारण पेशींना सांधून ठेवणारे पेक्टिन सौम्य आंबट पाण्यात लवकर विरघळत नाही आणि दाणा टणकच राहतो. राजम्याच्या बाबतीत अधिक सावधगिरी हवी. त्यातील लेक्टिन हे विषारी प्रथिन ८० अंशांसारख्या मंद आचेवर टिकून राहते, आणि अर्धवट शिजलेला मूठभर राजमाही उलट्या-जुलाबांना पुरेसा होतो.

कच्च्या मोडांच्या विरोधातील दुसरे कारण रोधकांशी संबंधित नाही. ऊब, ओल आणि पाझरणारी शर्करा यांवर मोडाइतकेच जिवाणूही पोसतात. २०११ मध्ये जर्मनीत मेथीच्या कच्च्या मोडांतून पसरलेल्या ई. कोलाय जिवाणूच्या एका घातक प्रकाराने सुमारे ३,८०० लोक आजारी पडले आणि ५० हून अधिक दगावले. बी आतूनच दूषित असेल तर धुण्याने फारसा उपयोग होत नाही. म्हणून पावसाळ्यात, विशेषतः लहान मुले, गरोदर स्त्रिया आणि वृद्ध यांच्यासाठी, मुगाचे आणि मेथीचे मोडही पूर्ण वाफवूनच वाढावेत. वाफेने कमी झालेले क जीवनसत्त्व उसळ ताटात वाढल्यावर वरून पिळलेल्या लिंबातून सहज भरून निघते.