थळ घाटातील बँकर

महाराष्ट्रात रेल्वेच्या वारशाचा विषय निघाला की तो बहुधा मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपाशी येऊन थांबतो. २००४ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झालेली ती वास्तू जतनास पात्र आहेच. परंतु नाशिक जिल्ह्यातील इगतपुरी स्थानकाने जो वारसा सांभाळला आहे तो कामाच्या पद्धतीचा आहे, आणि ही पद्धत आजही रोजच्या व्यवहारात असल्यामुळे तिच्याकडे वारसा म्हणून पाहिले जात नाही.

कसारा ते इगतपुरी हा थळ घाटातील लोहमार्ग ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने १८६५ साली वाहतुकीस खुला केला. त्याची आखणी करणारे मुख्य अभियंता जेम्स बर्कले तो पूर्ण होण्यापूर्वीच, १८६२ मध्ये, निवर्तले. सुमारे पंधरा किलोमीटरच्या या टप्प्यात गाडी जवळजवळ ३०० मीटर वर चढते आणि चढाचे प्रमाण १:३७ इतके आहे, म्हणजे दर ३७ मीटर अंतरामागे रूळ एक मीटर उंचावतो. सपाटीवर भरधाव धावणारे इंजिनही येथे एकटे पुरे पडत नाही, म्हणून गाडीच्या मागे जास्तीची इंजिने जोडून तिला वर रेटले जाते. या इंजिनांना रेल्वेच्या बोलीत ‘बँकर’ म्हणतात.

ही इंजिने पुढे न लावता मागे लावण्यामागील विचार मुळातून समजून घेण्यासारखा आहे. सगळी ओढ पुढूनच दिली, तर संपूर्ण गाडीचा भार पहिल्या डब्याच्या कपलिंगवर, म्हणजे डबे जोडणाऱ्या सांध्यावर येतो. मागून रेटा दिल्याने तो भार विभागला जातो, आणि एखादे कपलिंग तुटलेच तर सुटलेले डबे उतारावरून मागे घसरत नाहीत. कसाऱ्याला गाडी थांबताच बाजूच्या रुळावर उभे असलेले बँकर पॉइंट्समनच्या हातातील झेंडीकडे पाहत अगदी मंद गतीने शेवटच्या डब्याला येऊन टेकते, कपलिंग अडकल्याची खात्री केली जाते, ब्रेकच्या हवेचे नळ जोडले जातात आणि दाब पुरेसा भरला की पुढच्या-मागच्या चालकांत इशाऱ्यांची देवाणघेवाण होऊन गाडी हलते. प्रवाशांच्या लेखी हा चहा-वड्याचा थांबा. पण या काही मिनिटांत चुकीला वाव नसतो.

उतरणीचे शास्त्र याहून कठोर आहे. मुंबईकडे निघण्यापूर्वी इगतपुरीत ब्रेकची तपासणी होते आणि घाटात ‘कॅच सायडिंग’ असते, म्हणजे मुख्य मार्गापासून फुटून चढावर जाणारा, अनावर गाडीला अडवणारा रूळ; सांधा एरवी त्याच रुळाकडे वळवलेला असतो आणि गाडी ताब्यात असल्याचे सिद्ध झाल्यावरच तिला मुख्य मार्ग दिला जातो. मार्ग आधी बंद आणि विश्वास पटल्यावर खुला, ही शिस्त घाटातील कामगारांच्या अनेक पिढ्यांनी पाळली आहे.

१९३० च्या सुमारास घाटात वीज आली आणि तिच्याबरोबर ‘खेकडा’ या टोपणनावाने ओळखली जाणारी डब्ल्यूसीजी-१ इंजिने आली. त्यांपैकी ‘सर लेस्ली विल्सन’ हे इंजिन दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे. इंजिन जपता येते. त्याच्याभोवतीचे काम मात्र ते करणारी माणसे निवृत्त होताच विरून जाते. नाशिकमार्गे जाणारी, पुढे आणि मागे अशी दोन्ही टोकांना इंजिने असलेली राजधानी एक्स्प्रेस २०१९ पासून आणि शिर्डीची वंदे भारत २०२३ पासून बँकरविना घाट चढते. प्रवाशांचा वेळ वाचतो, हे चांगलेच आहे. तथापि जड मालगाड्यांना बँकर अद्याप लागतो, ही कामे हाताने करणारे पॉइंट्समन व चालक अजून सेवेत आहेत, आणि इगतपुरीत वारसा दालन व्हायचे असेल तर त्यातील पहिली नोंद त्यांच्याच तोंडून घेतली जावी.